आईच्या मशीनवरचा आकडा

आईच्या शिलाई मशीनवर एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर आकडा कोरलेला होता, ३२०३४७. सातवीला गणितात मी कशीबशी पास झाले, त्या उन्हाळ्यात बाबांनी मला तो फोडायला दिला. कोणत्या संख्येनं त्याला पूर्ण भाग जातो ते शोधायचं. कशानंच गेला नाही, तर तो मूळ संख्या.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. या आकड्याचं वर्गमूळ पाचशे सहासष्टच्या किंचित अलीकडे येतं, तेव्हा तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, असं त्यांनी समजावलं. मग पाठकोऱ्या कागदांवर मी तिथपर्यंतचे आकडे लिहिले आणि दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या, असे एकेका मूळ संख्येच्या पटीतले खोडत गेले. उरतील त्या मूळ संख्या. रोज संध्याकाळी बाबा कूलरमध्ये पाणी भरायचे आणि आम्ही चार-पाच भागाकार करायचो. सुरुवातीला मी इतकी चिडायचे, की पेन्सिलीचं टोक मुद्दाम मोडायचे. महिनाभरात हात बसला, गोडीही लागली. ५५७नंही भाग गेला नाही आणि माझी यादी संपली. आकडा मूळ ठरला. ब्लाउज टाकायला आलेल्या प्रत्येक बाईला आई हे ऐकवायची आणि मी दारात उगाच घुटमळायचे. फार सुखाचे दिवस होते ते. आपल्याला गणित येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि त्याच जोरावर मी गणिताची शिक्षिका झाले.

यंदा वर्गात मुलांकडून तसेच आकडे खोडून घेतले. एका मुलीच्या कागदावर ५६३ उरला होता. तिला रागावणार होते, पण तिचंच बरोबर होतं. ५५८पासून ५६८पर्यंत सगळ्यांना भाग जातो, हा एकटा मूळ. आमची यादी तर ५५७वर संपली होती! म्हणजे मी लहानपणी ती ओळच्या ओळ खोडली होती. स्टाफरूममध्ये भागाकार मांडला. ५६३ गुणिले ५६९. बाकी शून्य.

आठवडाभर मी गप्प राहिले. आई गेल्यापासून मशीन बाबांच्या खोलीत आहे. आल्यागेल्याला ते आकडा दाखवतात आणि पोरीनं शंभर भागाकार केल्याचं सांगतात. या वयात त्यांचा तेवढा आनंदही आपण हिरावून घ्यायचा का, असं वाटे. पण चूक पोटात ठेवणं मला जमत नाही. रविवारी जेवताना सांगून टाकलं.

बाबा वरणभात कालवत राहिले. "माहीत आहे मले. तुही शाळा सुरू व्हायच्या आधीच दिसलं होतं. ५६३ तू खोडला होता."

"मग सांगितलं काहून नाही, बाबा?"

"सांगाले आलो होतो. तू आपल्या मनानं आठवीचं गणिताचं पुस्तक काढून सोडवत बसली होती."

कचेरीत एक अक्षर चुकलं तर अख्खा कागद नव्यानं लिहिणारा हा माणूस, तीस वर्षं लोकांना चुकीचं उत्तर अभिमानानं दाखवत आला होता.