सोयरीक नव्हे, ऑपरेशन

ऑपरेशनचं मी आधी नवऱ्याला सांगितलं, मग लेकीला सांगितलं, आणि टीमला सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मी राहू दिलं. टीम म्हणजे माझ्या उपकेंद्राच्या आशा कार्यकर्त्या. मुखेड तालुक्यातल्या एका गावी मी आरोग्य सेविका आहे. गावात मला कोणी नावानं हाक मारत नाही, लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सिस्टरच म्हणतात. आसपासच्या गावांतल्या आशा माझ्या हाताखाली काम करतात, असं निदान कागदावर तरी आहे.

माझ्या गर्भपिशवीत गाठी निघाल्या होत्या. अंगावरून जाणं थांबेना, रक्त कमी झालं, उपकेंद्राच्या चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला मी वेगळं काय समजावू? पिशवी काढावी लागेल. त्यानंतर दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, स्कूटीला हात लावायचा नाही." मी शहाण्यासारखी मान हलवली, तारीख घेतली, घरी आले आणि तारीख पुढं ढकलली. मग दुसरी घेतली, तीही ढकलली. कारणांना माझ्याकडे तोटा नव्हता. कधी पोलिओची फेरी, कधी लसीकरण, कधी वरून साहेब तपासणीला येणार.

खरं कारण एकच होतं. मी भ्याले होते. जन्मभर बायकांना मी ऑपरेशनला नेलं, त्यांचा हात धरून दारापर्यंत गेले, तिथं हात सोडवून घेतला आणि बाहेर येऊन चहा प्याले. आपणच त्या दाराच्या आत जाणार, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. भूल दिली आणि उठलेच नाही तर? एवढंच डोक्यात घुमायचं. त्यात नर्स असून घाबरते म्हणायची लाज. तिसरी तारीख देताना डॉक्टरीणबाईंनी सरळ दम दिला, "रक्त असंच जात राहिलं तर पुढं मला हात लावणंसुद्धा अवघड होईल." मग मात्र टीमला सांगणं भाग पडलं.

महिन्याच्या मीटिंगला सगळ्या जमल्या होत्या. काम संपलं, डबे उघडले, शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडं फिरली, आणि मी घसा साफ करून म्हणाले, "बायांनो, पुढच्या महिन्यात मी थोडे दिवस नसणार. नांदेडला काम आहे. घरचंच आहे. उगी गावभर करू नका." एवढं बोलून मी खाली मान घालून भाकरी मोडायला लागले.

आमच्याकडे 'घरचं काम आहे, कोणाला सांगू नका' याचा अर्थ एकच होतो. लेकीची सोयरीक जमत आली आहे. पक्कं होईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही, मध्येच कोणी काडी घालायला नको म्हणून. माझी लेक लग्नाची, त्यात मी मान खाली घातलेली. आणखी काय पाहिजे? आमच्यातली सगळ्यात थोरली आशा माझ्याच वयाची आहे. ती गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "पोरगा नांदेडचाच हाय का, सिस्टर?"

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण सगळ्यांचे चेहरे असे फुलले होते की माझी जीभ वळेना. मी नुसती हसले. ते हसू मला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं साखर बांधता बांधता विचारलं, "जावई काय करतेत?" दुपारी अंगणवाडीत कळलं की मुलगा इंजिनियर आहे. संध्याकाळपर्यंत त्याला ओलिताची जमीन आणि चारचाकी गाडी मिळाली. मला ही सगळी माहिती इतकी आवडायला लागली होती की क्षणभर वाटलं, असा कोणी असेल तर बघायला काय हरकत आहे? तेवढ्यात लातूरहून लेकीचा फोन आला. ती तिथं एका शाळेत शिकवते. तिच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर आमच्याच गावचं.

"आई, कोण आहे तो?"

"कोण गं?"

"माझा नवरा! स्टाफरूममध्ये पेढे मागतायत माझ्याकडं. मला एकदा दाखवायचा तरी होतास."

मी काय झालं ते सांगितलं. आधी ती खूप हसली, मग तिचं हसू ओसरलं. "तुला ऑपरेशनचं सांगायला इतकं जड जातंय?" असं तिनं विचारलं. मी विषय बदलला. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या त्यांना सांग. नाहीतर मी फोन करून सांगते."

म्हणून लसीकरणाच्या दिवशी शेवटचं लेकरू रडत घरी गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. कोणती गाठ, कुठलं ऑपरेशन, किती दिवस झोपून राहायचं. जावई नाही म्हटल्यावर सगळ्यात धाकटी आशा खरोखर हिरमुसली, तिनं लग्नात नेसायची साडी ठरवून ठेवली होती. मग त्यांच्यात भांडण लागलं. एकीचं माहेर अहमदपूरचं, ती म्हणाली, "नांदेडला कायला? लातूरला न्या. माझ्या जावेचं लातूरलाच झालं, आता ती कापूस येचून राहिली." दुसरी म्हणाली, "हाव, आन् तुझ्या लातूरला जाऊस्तोवर सिस्टरची हाडं खिळखिळी व्हायची." आमच्या भागात आजार कुठलाही असो, त्यात नांदेड की लातूर हा एक पोटआजार असतोच. मी टेबलावर हात आपटून दोघींना गप्प केलं आणि कामाचं बोलले. मी नसताना बाळंतपणाच्या बायकांकडे कोण जाईल, लसीचा डबा कोण आणील, शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर कोणत्या दिवशी येतील. परत आल्यावरही मी काही दिवस बसूनच काम करीन, गावात फिरणार नाही. अगदी अडलं तरच फोन करायचा. सगळ्या माना हलवत होत्या. मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी जाता जाता म्हणून गेले, "तसं मी विचार करतेय, दिवाळीनंतरच करावं. सध्या कामं लई आहेत."

थोरली नुसतं "हाव का," म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. मला वाटलं, चला, सुटले.

आमची कामाची एक पद्धत आहे. एखादी बाई दवाखान्यात यायला काही केल्या तयार होत नसली की आम्ही तिच्या दारात जाऊन बसतो. भांडायचं नाही, भाषण द्यायचं नाही, नुसतं बसायचं. चहा आला की "नको" म्हणायचं. दारी आलेल्या बायांनी चहा नाकारला की घरातले लोक अस्वस्थ होतात. सासू सुनेकडे बघते, सून नवऱ्याकडे. शेवटी कोणीतरी विचारतंच, "काय पाहिजे तुमाला?" मग बोलणं सुरू होतं. ही पद्धत मीच बसवलेली, आणि मला तिचा भारी अभिमान.

रविवारी सकाळी मी गाऊनवरच अंगण झाडत होते. फाटक वाजलं आणि एकामागून एक सगळ्या आत आल्या. कोणी गणवेशात नव्हतं. अंगणात त्या ओळीनं बसल्या आणि गप्प राहिल्या. माझा नवरा हायस्कुलात मास्तर, भोळा माणूस. पाहुण्या आल्या म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं चहा केला आणि ट्रे घेऊन बाहेर आला.

"नको, सर."

"घ्या की, साखर कमी टाकलीय."

"नको."

त्यानं आत जाऊन बिस्किटं आणली. तीही नको. शेवटी ट्रे हातात धरून तो केविलवाण्या तोंडानं मला विचारायला लागला, "मी काय केलं?" तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता आणि पाठोपाठ रागही चढला होता.

"हे माझ्यावर करता? माझ्यावर? मीच शिकवलंय हे तुम्हाला!"

"म्हनून तर लई चांगलं जमून राहिलंय," धाकटी म्हणाली, आणि सगळ्या तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. शेजारच्या विहारातून वंदना आटोपून परतणारी एक मावशी फाटकात थांबली, काय चाललंय ते तिनं विचारून घेतलं आणि तीही येऊन ओळीत बसली. चहाला तीसुद्धा नको म्हणाली.

ऊन अंगणात आलं तरी कोणी हलेना. मी दिवाळीची, साहेबांची, पोलिओची सगळी कारणं पुन्हा एकदा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग थोरली उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, एक इचारू? भेव वाटून राहिलंय का?"

मी "छे" म्हणायला तोंड उघडलं आणि माझं रडूच फुटलं. स्वतःच्या टीमसमोर, हातात खराटा घेऊन मी ढसाढसा रडले. "हाव," म्हणाले, "लई."

"काही होत नाही," असं ती मला म्हणाली नाही. मी जन्मभर बायकांना तेच म्हणत आले. तिनं माझ्या हातातला खराटा काढून घेतला आणि म्हणाली, "वाटनारच की. पोट काय दुसऱ्याचं हाय? भेत भेत जाऊ. पर जाऊ." मला इतकं हलकं वाटलं की त्याच जागी मी तारीख कबूल केली. नवऱ्यानं भीतभीत विचारलं, "आता चहा?" त्या दिवशी आमच्या घरातली साखर संपली.

ऑपरेशनच्या सकाळी नांदेडला कोणीही यायचं नाही, असं मी टीमला बजावलं होतं. सगळ्या तिकडं आल्या तर गावात कोण? त्यांनी ते ऐकलं. पण मला आत न्यायच्या जरा आधी थोरलीचा फोन आला. रात्रीपासून काही खाल्लं तर नाही ना, बांगड्या काढल्या का, असं तिनं सगळं रीतसर विचारलं. मागून बाकीच्यांचा गलका ऐकू येत होता. उपकेंद्रात टेबलावर फोन ठेवून सगळ्या भोवती बसल्या होत्या. तेवढ्यात मला न्यायला आले. मी फोन लातूरहून आलेल्या लेकीच्या हातात दिला आणि स्ट्रेचरवर आडवी झाले. थोडा वेळ छत सरकताना दिसलं, एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं लेकीनं सांगितलेलं.

फोन कोणीच बंद केला नाही. तिचे बाबा औषधं आणायला खाली गेलेले, ती दाराबाहेर बाकावर एकटी. कानाला फोन लावून तिनं लेकरांची रडारड ऐकली, वजनकाट्यावरून झालेलं भांडण ऐकलं, तिच्या न झालेल्या नवऱ्याची चेष्टाही ऐकली. बोलणं थांबलं की थोरली मध्येच विचारायची, "हायेस ना गं?" ही म्हणायची, "आहे, मावशी." डॉक्टरीणबाई बाहेर येऊन "चांगलं झालं" म्हणाल्या, तेव्हा तिकडं असा आरडाओरडा झाला की वॉर्डातल्या मावशींनी लेकीला दटावलं.

मग गलका थांबल्यावर थोरलीनं विचारलं, "पोरी, तू जेवलीस का?"

माझी लेक सकाळपासून माझ्यासमोर विनोद करत होती, माझ्या हिरव्या गाऊनला हसत होती. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि ते मलाही माहीत नव्हतं, तिच्या बाबांनाही नव्हतं. त्या एका प्रश्नाला ती फोनवर हुंदके देऊन रडली. मला काही झालं तर काय, म्हणून तीही रात्रभर जागी होती. त्यांनी तिला पोटभर रडू दिलं. मग फोनवरूनच तिला जिना उतरून कॅन्टीनला नेलं, पोहे मागवायला लावले, आणि तिचं खाऊन होईपर्यंत कोणी फोन ठेवला नाही.