टँकवरच्या बांगड्या

चेन्नईत आवाज न करता जगता येतं, हे करून दाखवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे आमचे घरमालक. अण्णा नगरात भाजीवालासुद्धा कर्णा लावून फिरतो. तिथं हे गृहस्थ कुजबुजत जगत होते. खुर्च्यांच्या पायांना फडक्याचे मोजे, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या टोल्यात कापूस. कुकर तर घरातून हद्दपारच होता. शिट्टी झाली की आई पोरं गिळते, असं त्यांचं म्हणणं. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, म्हणून मलाही पातेल्यातला भात. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना एकेकटं गाठून त्यांनी अशी काही गळ घातली होती की ते आमच्या दारासमोर इंजिन बंद करून रिक्षा ढकलत नेत. त्यातल्या एकानं मला विचारलं, "वीट्ल कुळंदैया, सार?" घरात बाळ आहे का? मी मान हलवली. दुसरं काय सांगणार? घरात एक मासा गरोदर होता.

घरमालकांना मी काका म्हणायचो. मूळचे तंजावरचे. त्यांचं मराठी आमच्या कराडकडच्या मराठीची पणजी शोभेल असं. पहिल्या दिवशी जिन्यात गाठून त्यांनी "काय करूनलालेत, सार?" असं विचारलं, तेव्हा हा प्रश्न आहे की आशीर्वाद, तेच मला कळेना. (काय करताय, एवढंच विचारत होते.) मी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात, क्वालिटीला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत घरी यायचं. बायको कराडला, शाळेत शिकवते. त्यामुळे बोलायला कुणी नाही, आणि मला बोलायची हौसही नाही. काकांना असाच माणूस हवा होता.

काकू गेल्यावर त्यांनी मासे पाळायला घेतले. तेही साधे गोल्डफिश नव्हेत, आफ्रिकेतल्या सरोवरातले पिवळेधमक सिक्लिड. कारण शुद्ध व्यवहाराचं होतं. आमच्या बोअरवेलचं पाणी एवढं जड की त्यानं माझा गीझर खाल्ला, डोक्यावरचे केस नेले. पण कोळत्तूरच्या मासेबाजारातला दुकानदार म्हणाला, या माशांना असलंच पाणी मानवतं. "बघा," काका म्हणाले, "ज्या पाण्यास सगळे नांवं ठेवतात, तें कुणाचं तरी माहेर असतं." मोठ्या कौतुकानं त्यांनी जोडी आणली, टँकमध्ये दगडांची गुहा रचली, आणि दोन महिने संततीची वाट पाहिली. त्या दोन महिन्यांत त्या जोडीनं एकमेकांच्या शेपट्या खाल्ल्या. शेवटी काका दोघांना पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं पिशवी उजेडाकडे धरली आणि हसत सुटला, "रेंडुमे अप्पा, सार!" दोघंही बाप. परतीच्या वाटेवर काका पिशवी सांभाळत चालत होते. मग म्हणाले, "तरीच. घरांत बोलणारं कुणी नव्हतं."

नंतर मादी आली आणि काही दिवसांतच तिनं अंडी धरली. हे मासे अंडी तोंडात उबवतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आई तोंड मिटून असते. खात नाही, गालफडं फुगवून एका कोपऱ्यात तरंगत राहते. दचकली तर सगळं गिळून मोकळी. म्हणून काकांनी खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली, टँकच्या तिन्ही बाजू झाकल्या, समोरच्या कागदाला एक भोक पाडलं आणि पाहुण्यांनी श्वास रोखून पाळीपाळीनं डोळा लावायचा, असा नियम केला. ग्रहणाच्या दिवशी झाकणावर दर्भ ठेवला. भर दुपारी त्या खोलीत गेलं की निळसर काळोख, पंपाची घरघर, आणि काळोखात तो एक पिवळा, मिटल्या तोंडाचा चेहरा. मला ते भोक आवडायचं नाही. आपण आत बघतो आहोत, असं तिथं कधी वाटायचंच नाही.

आणि एक गोष्ट होती. जेवणाच्या वेळेला सगळे मासे तोंडं वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे. मी म्हणालो, "काका, खाणं तिकडून येतं ना, म्हणून." काका म्हणाले, "खाणं मी ह्या कपाटांतून काढतों, सार." कपाट उलट्या बाजूला होतं.

मादीला दिवस गेले म्हणून काकांनी तिचं वळैकाप्पु केलं. तमिळ घरांत गर्भारशीच्या हातात बांगड्या भरतात, तेच. माशाला हात नसल्यामुळे काकूंच्या डब्यातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या त्यांनी दोऱ्यात ओवून टँकच्या झाकणाला लावल्या. चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात केला, त्यातला मला दिला. पंपाच्या थरथरीनं त्या बांगड्या दिवसभर किणकिणत. विधुराच्या घरातून बांगड्यांचा आवाज येतो, म्हणून शेजारच्या मामी माझ्याकडे संशयानं बघू लागल्या.

चित्रान्न खाताना काका त्या दिवशी पहिल्यांदा काकूंविषयी बोलले. त्यांच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हाकही मारत नसत. जेवायला वाढलं की काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हात हलवीत. बांगड्या वाजल्या की काका उठत. आयुष्यभर असंच. "अत्तां जेवायचं ध्यानांतच राहत नाहीं, सार," ते म्हणाले. "कुणी बोलवत नाहीं नां."

मग मला एक गोष्ट उमगली. करंट गेला की पंप थांबायचा, बांगड्याही थांबायच्या. काका तेव्हा भिंतीच्या खिळ्याला टांगलेला बॅटरीचा पंप सुरू करत, आणि एवढं झाल्यावर उठत नसत. मान एका बाजूला कलती करून बसून राहत. बँकेत आपला नंबर पुकारायची वाट बघत बसावं, तसे. करंट आला की हिरमुसून उठत.

काकूंच्या श्राद्धाला ते तंजावरला गेले, तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. सूचना मोजक्याच होत्या: खाणं थोडं, बोलणं नाही, उजेड मुळीच नाही, करंट गेला तर बॅटरी. एग्मोर स्टेशनवर गाडीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा कुजबुजले, "पहिलटकरीण आहे, सार. भिववूं नका."

रविवारी दुपारी मी जेवायला बसत होतो. पंखा थांबला. ताट तसंच ठेवून खाली आलो, कुलूप काढलं, चाचपडत बॅटरीचा पंप लावला. टँकला हात लावला नव्हता. खिडक्या बंद, वारा नाही. आणि बांगड्या वाजल्या.

किणकिण नव्हे. पंपाची थरथर मला पाठ होती. ही ती नव्हती. एकदा वाजल्या, थांबल्या, पुन्हा जरा जोरात वाजल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला पुन्हा हाक मारावी तशा. मी भोकातून आत पाहिलं. मासे पाठमोरे होते. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. दारात कुणी नव्हतं. पण उजेड त्या भोकातून आत गेला, मादी काचेवर आपटली, आणि तिचे फुगलेले गाल पाहता पाहता सपाट झाले. बांगड्या गप्प लोंबत होत्या.

काका आले, भोकाला डोळा लावला, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मी म्हणालो, करंट गेला, पंप लावताना चुकून टॉर्च लागला. ते रागावले नाहीत. "पहिली वेळ तिची. पुढच्या वेळीं सांभाळेल," म्हणाले. मग काचेवरून बोट फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "करंट नव्हता तेव्हां... कांहीं वाजलं कां?"

"नाही," मी म्हणालो.

टॉर्चची चूक कबूल करता आली; भीती नाही करता आली. वाजलं म्हटलं असतं, तर टॉर्च चुकून लागला नव्हता हे सांगावं लागलं असतं. शिवाय, मी क्वालिटीचा माणूस, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. पण ज्या आवाजासाठी हा माणूस कान देऊन बसायचा, तो मी ऐकला होता आणि एका शब्दात त्यांच्याकडून काढून घेतला होता. त्यानंतर करंट गेला की मी जिन्यात उभा राहायचो. आतून काही ऐकू यायचं नाही. काका उठल्याचंसुद्धा नाही.

पुढच्या वेळी मादीनं खरंच सांभाळलं. टँकभर पिवळी पोरं झाली. काकांनी साखर वाटली, रिक्षावाल्यांनाही. पुढे गुडघे साथ देईनात, तेव्हा पुतण्या त्यांना तंजावरला घेऊन गेला. मासे मागे राहिले. "आमच्या तंजावरचं पाणी गोड," काका म्हणाले. "तिथं हीं जगायचीं नाहींत." टँक माझ्याकडे वर आला, बांगड्यांसकट. त्या काढा असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. पाणी कसं, पोरं कशी. शेवटी, "बाकी कांहीं?" आणि मी, "बाकी काही नाही." गेल्या रविवारी त्यांचा आवाज फारच बारीक वाटला. पुतण्या म्हणाला, जेवत नाहीत नीट. काकांनी विचारलं, "बाकी कांहीं?"

"काका, त्या दिवशी वाजल्या होत्या," मी म्हणालो. "मी घाबरलो. म्हणून टॉर्च लावला."

पलीकडे फोन कानाशी सरकवल्याची खरखर ऐकू आली.

"किती वेळां?"

"दोनदा. दुसऱ्यांदा जरा जोरात."

"हो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जोरांतच." मग विचारलं, "जेवायची वेळ होती कां?"

"हो. मी ताट ठेवूनच खाली आलो होतो."

"मी इकडं तंजावरांत, तिच्याच श्राद्धाला," काका म्हणाले. त्यांच्या कुजबुजीत कितीतरी दिवसांनी हसू होतं. "तिथं घरांत तुम्हीच होतांत. तुम्हांसच बोलावलं असेल, सार. मग जेवलांत कां?"

नव्हतो जेवलो. त्या दिवशी वर जाऊन ताट झाकून ठेवलं होतं.

"छे, छे," काका म्हणाले. "तिनं बोलावलं कीं उठावं. भात निवतो." मग फोन बाजूला धरून त्यांनी पुतण्याला काहीतरी सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं की पान मांड.

आता रविवारी मी टँकसमोरच जेवायला बसतो. मासे आपले वळून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहतात. तिकडे पाठ करून बसायचं मी सोडून दिलं आहे.