डोकी खरवडणारे काका

प्रयोगशाळेतल्या काकांची नोकरी डोकी खरवडण्याची होती. म्हणजे मज्जापेशींची. बारीक छिद्रांच्या पडद्यावर या पेशी वाढवायच्या. पेशीचा गोळा, काकांच्या भाषेत डोकं, वर राहतो आणि फांद्या छिद्रांतून खाली उतरतात. मग वरची बाजू कापसाच्या काडीने खरवडायची. खाली उरतात बिनडोक फांद्या. त्या मात्र, जिथे एक पेशी दुसरीला निरोप देते त्या सांध्यापाशी, काही काळ खुशाल प्रथिनं बनवत राहतात. कारण डोक्याने हुकमांच्या नकला आणि कामाची यंत्रं आधीच तिथे पाठवलेली असतात. गरज पडली की तिथल्या तिथे काम.

काका हे वर्षानुवर्षं बघत होते. घरी मात्र त्यांना विचारल्याशिवाय खिळा हलत नसे. बल्ब गेला तर सगळे अंधारात त्यांची वाट बघत बसत.

त्या दुपारी काका खरवडत असताना खिशातला फोन थरथरला. काम सोडावं तर फांद्या सुकणार. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. पडदे बर्फात गेल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"बाबा, बाथरूमचा नळ हातात आला होता, पाणी पार स्वयंपाकघरापर्यंत, पण..." मुलगी म्हणाली.

"कुणी कशाला हात लावायचा नाही! मी येतोय."

काका धावत सुटले. घाबरले होते, आणि खोटं कशाला बोला, थोडे सुखावलेही होते. आपल्यावाचून घराचं पान हलत नाही!

घरात फरशी कोरडी. नळ जागेवर.

"कुणी बसवला?"

"आम्हीच," बायको म्हणाली. "मागच्या खेपेला तुम्हीच नव्हतं का सांगितलंत, आधी टाकीचा कॉक बंद करायचा? वायसर, पाना, सगळं तुम्हीच डब्यात आणून ठेवलेलं."

"मला विचारायचं तरी!"

"अहो, विचारतच होतो. तुम्ही उचलाल तर ना!"

काकांनी नळ तपासला. थेंब गळेना. हे काही त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी पाना घेतला आणि आपल्या हाताने, जरा जोर लावून, आणखी एक आटा आवळला.

नळ गळू लागला.

मुलीने डब्यातून नवा वायसर काढला आणि बाबांच्या हातातला पाना अलगद सोडवून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "कुणी कशाला हात लावायचा नाही."