तीन दिवस हात लावायचा नाही

वन्सं, म्हणजे माझी नणंद, रुग्णालयात जखमांच्या पट्ट्या बदलतात. रागावल्या की भांडत नाहीत, गप्प बसतात. त्यापेक्षा भांडण परवडलं.

पाच वर्षांपूर्वी सासूबाईंच्या टाचेला मधुमेहाची जखम झाली. वन्संनी तिच्यावर जेलची चकती बसवली. ओली, मऊसूत चकती. तिच्यातलं औषध तीन दिवस थोडं थोडं जखमेत झिरपतं, तोवर ती उघडायची नसते. पण वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर जुन्या वळणाच्या. "रोज पुसली नाही तर जखम कुजते. स्वतःच्या आईच्या बाबतीतही कामचुकारपणा!" सगळ्यांसमोर असं बोलून त्यांनी वन्संना दुसऱ्या वॉर्डात धाडलं आणि रोज सकाळी चकती काढून जखम स्वतः घासली. औषध वाया जायचं, धरलेली नवी कातडी पुसली जायची. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सिस्टरनी साधी चौकशीही केली नाही.

यंदा त्याच सिस्टर, आता निवृत्त, तशीच टाच घेऊन वन्संच्या टेबलासमोर बसल्या. हे ऐकून माझ्या मनात उकळ्या फुटल्या. म्हटलं, "करावं तसं भरावं! घासा रोज, त्यांच्याच पद्धतीने."

"नाही गं. मला तो पाय धडधाकट हवाय."

मला वाटलं, बाई विरघळली.

वन्संनी चकती बसवून वर पेनाने तारीख घातली. दुसऱ्याच दिवशी सिस्टर हजर. "एकदा उघडून बघ ना, धीर धरवत नाही."

"तीन दिवस हात लावायचा नाही."

दोन महिने त्यांनी सिस्टरचा जीव असा टांगणीला लावला. घरी सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. जखम मात्र भरली.

"तुझे उपकार कसे फेडू?" सिस्टरनी विचारलं.

"घरी या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चालत या."

रविवारी सिस्टर कठडा धरत आल्या. सासूबाई खुर्चीत होत्या, मांडीवरची चादर एका बाजूला सपाट.

"आई, यांची चकती मी तीन-तीन दिवस उघडली नाही," वन्सं म्हणाल्या. "दाखवा हो टाच."

सिस्टरनी चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. सासूबाईंनी वाकून टाच बोटांनी चाचपली.

"छान भरलीय. माझीही भरली असती का हो?"

सिस्टर रडायला लागल्या आणि दाराकडे वळल्या. दारात वन्सं उभ्या होत्या.

"रडू नंतर," त्या म्हणाल्या. "आईने काहीतरी विचारलंय."