गाईच्या धारेची घंटी

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मूल गावच्या बाजारात वांग्यांचा भाव पाडत होते. भाव पाडण्यात आणि थापा मारण्यात माझा हात कोणी धरला नाही… सुमन, माझी धाकटी जाऊ, त्या थापांच्या आधारानेच जगते, असं मला फार वर्षं वाटायचं.

तिचा नवरा ट्रकवर होता. एचआयव्हीने तो गेला, जाताना तिलाही देऊन गेला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी तिचा मोबाइल वाजू लागला. “कायची घंटी हो बाई?” शेजारणी विचारत. “गाईच्या धारेची!” मी ठोकून द्यायचे. सुमन दुधाची चरवी घेऊन गोठ्यात जायची, गोळी गिळून यायची. गाय भाकड होती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. काय ती माझी अक्कल! स्वतःवरच खूश असायचे मी शहाणी.

मग माझ्या पोरीचं लग्न निघालं. गोठ्यात आचाऱ्यांची भट्टी पेटली, घरात पाय ठेवायला जागा नाही. घंटी वाजली तशी मी सुमनच्या हातून मोबाइल घेऊन बंद केला. “पाव्हणे जाऊ दे, मंग खाजो. चार दिवसानं काय होते?” तिथून रीतच पडली. बारसं असो की तेरवी, पाहुणे आले की घंटी बंद.

पुढे ती वाळत चालली. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “हा विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि त्यात चुका करतो. गोळी रोज पोटात असली तर त्याला नकला काढायला सवडच मिळत नाही. खंड पडला की पुन्हा सुरू. त्यात एखादी चुकलेली नक्कल अशी निघते, की तिला ही गोळी लागूच पडत नाही. मग तीच वाढते.”

सुमन माझ्याकडे पाहून हसली. “म्हणजे पाव्हणे गेले बाई, अन् हा मुक्कामी राह्यला.”



गोळ्या बदलल्या, काही वर्षं निघाली. मग टीबीने गाठलं. शेवटच्या भेटीत म्हणाली, “मी मेल्यावर तरी खरं सांगजो. आता तं गायही नाई आपल्याजवळ.”

तिच्या तेरवीला घर भरलेलं. सुमनचा मोबाइल वाजला. पोरगी बंद करायला धावली. “वाजू दे,” म्हटलं. विहीणबाईंनी विचारलंच, “कायची घंटी हो?”

गाय अगदी जिभेवर आली होती. गिळली.

“सुमनच्या एचआयव्हीच्या गोळीची.”

मोबाइल अजून तिच्या कोनाड्यात आहे. मीच चार्ज करते. संध्याकाळी वाजतो, आणि आपोआप थांबेपर्यंत मी जागची हलत नाही.