लाडेजोने मारलेली गाठ

ओयो शहराच्या बाजारात वेण्या घालणाऱ्या आम्ही पुष्कळ जणी, पण आबेजेच्या हाताची सर कुणालाच नव्हती. आणि अशा बाईचं स्वतःचं डोकं मात्र साऱ्या बाजारात वाईट. फडक्याखाली जुन्या वेण्यांचा नुसता गुंता झालेला. पोरी मागे खिदळायच्या, तेव्हा त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

स्वतःची वेणी स्वतःला घालता येत नाही, म्हणून तिची मी घालायची. तिचा नवरा लाडेजो ट्रक घेऊन उत्तरेला निघाला त्या सकाळी मी तिच्या सगळ्या वेण्या माथ्यावर गोळा करून आणल्या होत्या. शेवटचा दोरा तेवढा बांधायचा राहिला होता. लाडेजोला घाई. माझ्या हातातला दोरा ओढून त्यानेच गाठ मारली. चांगली वाकडी.

"बघा डेलेची आई, तुमचा धंदा मलाही जमतो!"

"माल बांधतोयस काय रे मेल्या? डोकं आहे ते!" मी ओरडले. आबेजे हसून हसून लवंडली.

तो परत आला नाही. ट्रकही नाही, माणूसही नाही. आमच्याकडे नवरा गेला की बाई वेण्या सोडते आणि दुखवट्याला बसते. आबेजे सोडेना. नव्याने घालायच्या तरी आधी माथ्यावरची गाठच सोडावी लागणार, म्हणून ती मला डोक्याला हातही लावू देईना. दोन पावसाळे असे गेले.

मग तिच्या एकुलत्या एका लेकीचं, मोरोलाकेचं लग्न ठरलं. नवरीच्या वेण्या आपण घालायच्या हे आबेजेच्या मनात पोरगी रांगत होती तेव्हापासून होतं. पण लाडेजोचे थोरले भाऊ बाबा अलाओ अंगणात येऊन बसले.

"पोरीच्या सासरचे विचारतात, बाप कुठंय? जिवंत असेल तर आणा, नसेल तर तसं सांगा. तू केस सोड, म्हणजे बाप म्हणून मी उभा राहतो."

"आणि पोरीच्या वेण्या?"

दुखवट्यातल्या बाईने नवरीच्या डोक्याला हात लावायचा नसतो, हे आबेजेला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आली आणि माझ्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसली. फडकं स्वतःच काढलं.

"कात्री घे. गाठ सुटू देऊ नकोस, खालून काप."

मी कापली. अख्खी गाठ तिच्या हातात ठेवली. मग तेल लावून एकेक वेणी उकलत बसले. रडत मी होते, ती नव्हती.

"रडतेस काय? नाक माझ्या डोक्यावर गळतंय," ती म्हणाली.

पुरायला लाडेजोचं काहीच नव्हतं. आमच्याकडे माणूस घरातल्याच जमिनीत पुरतात; तिथे त्याच्या बापाशेजारी तिने ती गाठ पुरली. तेव्हा मात्र तिने असा हंबरडा फोडला की बाबा अलाओ भिंतीला धरून उभे राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मोरोलाके माझ्यापुढे बसली. आबेजे मोकळ्या केसांनी उंबऱ्याबाहेर. आत यायची नाही.

मी भांग पाडला. "वाकडा पडला," बाहेरून आवाज.

"बाई, तिथून दिसतंय तरी का तुला?"

"दिसायला कशाला हवं? कंगवा कसा फिरला ते ऐकू येतं."

मोरोलाके हसली. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले आणि मला थांबावं लागलं. मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा सहज बाहेर पाहिलं. आबेजेने डोळे मिटले होते. मांडीवर तिची बोटं माझ्या बोटांबरोबर चालली होती, तीन बटा घेत, एकीवर एक टाकत.

"डाव्या कानामागे हलक्या हाताने घाल गं," ती म्हणाली. "लहानपणापासून दुखतं तिला तिथं."