सपाट जागेचा माणूस

आमच्या इमारतीचं नाव 'हिल व्ह्यू' आहे. डोंगर दिसतो, नाही असं नाही, पण लिफ्टच्या मशीनरूमच्या छपरावरून, आणि तिथं चढायला कमिटीची लेखी परवानगी लागते. भाईंदरच्या राई गावाच्या कडेला जिथं ही इमारत उभी आहे, तिथं पंधरा वर्षांपूर्वी बाळारामदादांचं भातशेत होतं. त्याच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट दिले आणि गेटच्या आत त्यांच्या वडिलांच्या नावाची एक संगमरवरी पाटी लावली. त्या पाटीला टेकवून आता लोक स्कूटर उभी करतात.

मी तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर दादांच्या डोक्यावर राहतो. माझे वडील मराठवाड्यातून आले, मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे, आणि जमीन या विषयातलं माझं ज्ञान सातबाऱ्याच्या झेरॉक्सपुरतं आहे. दादांचं उलट होतं. त्यांना कागद कळत नसे आणि जमीन कळत असे. बिल्डरला नेमकी अशीच माणसं आवडतात.

दादांचं घराणं मिठागराचं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचं तर बांधाला फळीचं एक दार असतं. ते कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे आधी त्यांचे वडील ठरवत, मग दादा ठरवू लागले. दारापाशी उभा असलेला गडी लांबून विचारायचा, "पानी सोडू का?" दादांनी मान हलवल्याशिवाय फळी हलायची नाही. पुढे मिठागर बंद पडलं आणि शेतावर आम्ही येऊन बसलो. आमच्याकडे पाणी सोडतो तो वॉचमन, सकाळी साडेसहाला, बटण दाबून. तो कुणाला विचारत नाही. "मला आता कोन काय इचारीत न्हाय," असं दादा एकदा लिफ्टची वाट बघताना मला म्हणाले होते. मी "चालायचंच" म्हणालो आणि लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं.

त्यांची नजर मात्र पक्की होती. जमिनीचा उतार त्यांना नुसत्या डोळ्यांनी कळायचा. गवंड्याकडे पाणसळ असते, दादांकडे स्टीलचं ताट होतं. ताटात काठोकाठ पाणी भरायचं, ते जमिनीवर ठेवायचं, स्वतः पालथं पडून गाल मातीला लावायचा आणि एक डोळा मिटायचा. आमची गच्ची झाली तेव्हा त्यांनी हा प्रयोग करून सांगितलं होतं की उतार उलटा आहे. इंजिनियर हसला. नंतर धर्मेशभाईंच्या बेडरूममध्ये सलग तीन पावसाळे बादल्या लागल्या, पण तेव्हा दादा काय म्हणाले होते हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

धर्मेशभाई आमचे सेक्रेटरी. भाईंदर पश्चिमेला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. माणूस मनानं चांगला. त्यांचं मत असं, की निसर्ग उत्तम आहे, फक्त मॅनेजमेंट कमी पडतं. म्हणून सोसायटीत एक निसर्ग समिती आहे, आणि ती दर डिसेंबरात सगळ्यांना तंबूत राहायला डोंगरावर नेते. या गोष्टीच्या आदल्या वर्षी एका कंपनीनं आम्हाला अशा उतारावर झोपवलं होतं, की सकाळी आठही तंबूंतली माणसं आपापल्या तंबूच्या खालच्या कोपऱ्यात गोळा झालेली सापडली. धर्मेशभाईंची कंबर धरली ती संक्रांतीपर्यंत सुटली नाही.

म्हणून मीटिंगमध्ये ते दादांकडे वळून म्हणाले, "बाळारामशेठ, तुम्ही जमीनवाले माणूस. या वेळी जागा तुम्हीच शोधा. फक्त फ्लॅट पाहिजे हं, एकदम फ्लॅट."

दादांनी नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी रंभाकाकू, त्यांची बायको, माझ्या बायकोला सांगत होत्या की हा माणूस रात्रभर झोपला नाही आणि पहाटेच ताट घासून ठेवलंय. दादांचं काय पणाला लागलं होतं ते मला त्याच आठवड्यात कळलं. स्कूटरवर मागे बसलो असताना ते मान न वळवता म्हणाले, "उदय, सगली जमीन गेली. नजर तेवडी ऱ्हायलीय. ती चुकली न्हाय पायजे."

मग आम्ही दोन महिने दर रविवारी रानात. घोडबंदर ओलांडून, वसईच्या पूर्वेच्या डोंगरांत. वनखात्याचा दगड दिसला की दादा गाडी वळवायचे, एक पाऊल आत टाकायचे नाहीत. पाड्यावरच्या खासगी जमिनी बघायच्या, मालकाशी बोलायचं, ताट काढायचं, पालथं पडायचं. त्यांच्या गालाला लागलेली माती मी फडक्यानं पुसून द्यायचो. माझं काम एवढंच होतं, पण मला ते आवडायला लागलं होतं हे कबूल करतो.

जागा सापडली की समिती बघायला यायची, आणि तिच्या अटी माझ्या खिशात असायच्या. झाडी दाट हवी, पण पानं पडता कामा नयेत. ओढा जवळ हवा, पण आवाज नको. बाथरूम कमोडवालं. जैन स्वयंपाकाची चूल वेगळी आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. झोपताना डोकं उत्तरेला येऊ नये. पहिली जागा बेडकांमुळे बाद झाली. दुसरीत ऐनाच्या झाडाचं एक पान धर्मेशभाईंच्या चहात पडलं. तिसऱ्या जागी नेटवर्क नव्हतं. चौथ्या जागी ते इतकं चांगलं होतं, की भाईंना दुकानातून अकरा फोन आले आणि ते म्हणाले, इथं शांतता नाही.

पाचवी जागा ईश्वरची. ईश्वर वारली पाड्यावरचाच, चाळिशीचा, कमी बोलणारा. डोंगराच्या पोटाशी त्याचा एक तुकडा होता, तिन्ही बाजूंनी साग आणि पळस, वरच्या अंगाला एक ओहळ. तिथं तो फक्त गवत कापायचा. समितीनं सगळं तपासलं. फोनला दोन दांड्या येत होत्या, गाड्या लावायला जागा होती, पाड्याच्या समाजमंदिराला नवं कमोड होतं. फक्त जमिनीला ढाळ होता. आता हीही बाद, असं मला वाटलं. दादा ताटाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की ढाळ काढता येईल.

आणि त्यांनी तो काढला. बारा दिवस. सत्तरीला आलेला माणूस रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, ईश्वरबरोबर फावडं चालवायचा, वरची माती खाली ओढायचा. मग ओहळातलं पाणी मारून ते दोघं ती माती पायांनी तुडवायचे, मिठागरात हंगामाआधी तळ तुडवतात तशी. मी शनिवारी गेलो तेव्हा जमीन अशी झाली होती, की चप्पल घालून चालायला लाज वाटावी. सगळं झाल्यावर दादांनी चारी बाजूंनी वीतभर उंचीचा बांध घातला. हा कशाला, असं मी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नसावं. सपाट जमिनीला कड लागते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं, आणि हात कामाला लागले की डोक्याला कोण विचारतो. ईश्वरनं तेवढं एकदा विचारलं, की पाणी कुठून जाणार. दादा म्हणाले, पाऊस संपला. पंचांग बघितलं तर त्यांचं बरोबर होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बस भरून आम्ही दुपारी पोचलो. धर्मेशभाईंनी तंबूत गोटी ठेवून बघितली. गोटी हलली नाही. त्यांनी दादांना मिठी मारली. त्यांची मुलगी कृतिका हिनं बांधावर बसून सहा रील काढले. "हमारे सोसायटी के लँड एक्सपर्ट" म्हणून दादांना फोनसमोर उभं केलं, आणि दादा इस्त्रीच्या शर्टात, हात कुठं ठेवावेत ते न सुचून, ताट छातीशी धरून उभे राहिले. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

साडेपाचला पाऊस आला. अवकाळी, टपोरा, पाऊण तास. डोंगरावरचं पाणी खाली आलं, वरच्या बांधावरून आत पडलं आणि खालच्या बांधाशी थांबलं. ते जिरेना, कारण तळ तुडवलेला. ते वाहीना, कारण ढाळ नव्हता. आठ तंबूंत चार बोटं पाणी उभं राहिलं, ना कुठं जास्त, ना कुठं कमी. टँकर कुठल्या विंगला आधी लागतो यावरून आमच्या सोसायटीत पोलिसांपर्यंत भांडणं गेली आहेत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सगळ्यांना सारखं पाणी मिळालं.

गाद्या, चार्जर, खाकऱ्याचे डबे, सगळं तरंगत होतं. लोक बांधावर चढून एकमेकांना आणि मग दादांना बोलायला लागले. दादा गुडघ्यांवर बसले, खालच्या कोपऱ्यातला बांध हातांनी फोडला, आणि दहा मिनिटांत सगळं पाणी नीट एका धारेनं निघून गेलं. ते किती सुरेख निघालं हे बघायला कुणी थांबलं नाही. धर्मेशभाई फक्त एवढंच म्हणाले, "शेठ, मी फ्लॅट सांगितलं होतं, तलाव नाही."

त्याच संध्याकाळी बस परत फिरली. दादा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटे बसले होते, कोपरापर्यंत चिखलाचे हात मांडीवर ठेवून. शेजारची सीट रिकामी होती. मी ती बघितली आणि मागे जाऊन बसलो. माझी बॅग भिजली होती, मला राग आला होता, वगैरे कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या देखत त्यांच्या बाजूला बसायची मला लाज वाटली, आणि आज त्या लाजेची लाज वाटते.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, की पुढचा कॅम्प रिसॉर्टवर. तिथं तंबू सिमेंटच्या ओट्यांवर असतात, आत एसी असतो आणि गवत प्लॅस्टिकचं असतं, म्हणजे किडे येत नाहीत. दादा मीटिंगला नव्हते. ते लिफ्टनंही येईनासे झाले, जिन्यानं जायचे, कुणी भेटू नये म्हणून. ताट रंभाकाकूंनी पुन्हा पापड वाळत घालायला घेतलं.

जुलैत एकदा मी त्यांच्याकडे डोकावलो तर दादा घरात नव्हते. "तो डोंगरान गेलाय, आठ दिस झालं," काकू म्हणाल्या. "ईश्वर आलता बोलवाला. माजा न्हाय ऐकत तो." मी रविवारी गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही, पण फडकं बरोबर घेतलं होतं.

आमचे तंबू जिथं होते तिथं चिखल होता आणि चिखलात दादा पोटऱ्यांपर्यंत उभे. फोडलेला बांध पुन्हा घातला होता. अर्ध्या तुकड्यात भाताची रोपं लागली होती, ओळीनं, हिरवीगार. ईश्वरचा बाप, आजा, कुणीच त्या जमिनीत कधी भात लावला नव्हता, कारण तिथं पाणी थांबत नसे. डिसेंबरात ते थांबलेलं फक्त ईश्वरनं नीट बघितलं होतं. आम्ही सगळे त्या वेळी आपापले चार्जर शोधत होतो.

दादांनी मला बघितलं. तक्रार नाही, टोमणा नाही. हातातली रोपं जरा वर करून म्हणाले, "हितं तुजा तंबू व्हता." मी बूट काढले आणि पँट दुमडायला लागलो.

तेवढ्यात वरून, ओहळाच्या काठावरून, ईश्वरची हाक आली. त्यानं दगडमातीचा आडोसा घालून पाणी अडवलं होतं, एक हात वरच्या दगडावर ठेवून तो वाकून उभा होता.

"दादा, पाणी सोडू का?"

दादा सरळ झाले. चारी कोपरे एकेक करून बघितले. घाई केली नाही. ईश्वर हात दगडावर ठेवून तसाच थांबला होता, आणि तो वाट बघतोय हे दादांना माहीत होतं.

"थांब," दादा म्हणाले. "मी सांगतो."